एक मत शिल्लक

आमच्या ह्यांना कुणाचंही बोलणं पटतं. भाजीवाल्यानं किडकं वांगं हातात ठेवून "किडीलासुद्धा गोड लागलं बघा" म्हटलं, तर हे दोन किलो उचलून आणतात. दोन माणसं भांडत असली तर एकाला म्हणतात, "तुझं बरोबर आहे." दुसऱ्याला म्हणतात, "तुझंही बरोबर आहे." मी म्हटलं, दोघांचं कसं बरोबर असेल? तर म्हणतात, "हेही बरोबर आहे." अशा माणसाबरोबर मी चाळीस वर्षं काढली. पण पाणीसमितीच्या निवडणुकीत त्यांच्या ह्या सवयीपायी जे झालं, त्यात माझ्या माहेराचं नाक कापलं गेलं.

आमचं कोबीचं शेत पाटाच्या अगदी शेवटी. वरच्यांची शेतं भिजतात, त्यांच्या बांधावरचं गवत भिजतं, गवतातले बेडूक भिजतात, आणि मग जो ओलावा उरतो तो आमचा. यंदा गड्डे मुठीएवढे होऊन जे थांबले ते थांबलेच. पाण्याच्या आणखी दोन पाळ्या हुकल्या असत्या तर शेतात गुरं सोडावी लागली असती. अध्यक्ष होईल तो पाळ्या लावणार. त्यामुळे ही निवडणूक आमच्या कोबीची होती.

उभे दोघं. एक माझा धाकटा भाऊ. इथंच पंपदुरुस्तीचं दुकान टाकून वीस वर्षं झाली त्याला. दुसरा निवृत्त कंडक्टर. नोकरी सुटली तरी त्याचा आवाज अजून बसमध्येच आहे. घरात बायकोलासुद्धा "पुढं सरका" म्हणतो.

आमच्या गावात मतं घराघरानं पडतात. घरातलं मोठं माणूस म्हणेल तिकडं घर. आमच्या घरात सहा मतं. दोन मुलं, दोन सुना आणि मी, ही पाच माझ्या शब्दावर. भाऊ उभा म्हटल्यावर विचारायचं काय? पण सहावं मत जेवताना म्हणालं, "दोघांचंही ऐकून घेतो आधी."

मी वाढता वाढता थांबले. "सख्खा मेहुणा आहे तो तुमचा!"

"म्हणूनच पहिलं त्याचं ऐकतो," म्हणाले.

इथवर गोष्ट घरात होती. पण गावाची सगळी दारं ज्याला पाठ आहेत त्या पोस्टमननं मतांची मोजदाद केली. तीनदा केली. कंडक्टरकडं दोनशे बारा. माझ्या भावाकडं दोनशे बारा. आणि एक शिल्लक. आमचे हे.

झालं! ज्या माणसाला घरात मीठ कमी आहे हे सांगायची मुभा नव्हती, त्याच्या तोंडाकडं अख्खं गाव बघायला लागलं.

हे शेतात खुरपायला बसले, तर उजव्या सरीत माझा भाऊ आणि डाव्या सरीत कंडक्टर. दोघांच्या हातात खुरपी, दोघांची तोंडं चालू. भाऊ म्हणायचा, "दाजी, पाटाचं दार गंजलंय, ते मी बदलतो, पाणी दुप्पट येईल." कंडक्टर म्हणायचा, "आधी पाळी उलटी करा! शेवटच्या शेतापासून सुरुवात! मागच्या सीटवाल्यानं काय तिकीट काढलेलं नसतं?" हे दोघांनाही मान हलवायचे. बांधावर पन्नास माणसं. पोस्टमन मोठ्यानं सांगायचा, "मान उजवीकडं जास्त हलली!" की तिकडची माणसं टाळ्या वाजवायची. वादाच्या नादात कंडक्टरनं गवताबरोबर आमची सहा रोपं उपटली. भावानं नऊ.

एकदा हे कौलं नीट करायला छपरावर चढले. शिडीचा एक पाय भावानं धरला, एक कंडक्टरनं, आणि खालून वाद सुरू. मुद्दा रंगला की हातवारे करायला दोघंही शिडी सोडायचे. वरून हे ओरडायचे, "पटलं! दोघांचंही पटलं! शिडी धरा!" तेवढ्यात हे शिंकले. शिंक कुणाच्या मुद्द्यावर आली, ह्यावरून खाली दोन घरांची बोलचाल बंद झाली. ती अजून बंद आहे.

अशा अकरा बैठका झाल्या. गावातलं दुसरं एकही मत त्यामुळं तसूभर हललं नाही. कंडक्टरची माणसं कंडक्टर बोलला की माना डोलवायची, भाऊ बोलला की कान खाजवायची. इकडची त्याच्या उलट. ऐकायला आलं होतं कोण? सगळी आपापल्या माणसाला शाबासकी द्यायला आलेली.

अकरावी बैठक आमच्याच ओट्यावर झाली. आमचे हे मधल्या खुर्चीत, पंचांसारखे. मी चहाचे कप घेऊन उंबऱ्यात. ह्यांनी विचारलं, "मला एवढंच सांगा, शेवटच्या शेताला पाणी कधी?"

कंडक्टर म्हणाला, "सगळ्यात आधी. म्हणालोच आहे."

माझा भाऊ हसला. "दाजी, शेवटचं शेत म्हणजे आपल्या आक्काचंच ना? मग काळजी कसली? पाळी उलटी केली तर वरचे लोक चिडतील. वरच्यांची मतं जातात हो! आक्काचं मत कुठं जातंय? ते माझ्या खिशात आहे."

सगळे हसले. आमचे हेही हसले. मी कप दिले आणि एक शब्द न बोलता आत गेले. मला ओळखणाऱ्यांनी तेव्हाच घाबरायला हवं होतं.

मतदानाच्या दिवशी मुलांना आणि सुनांना ठरल्याप्रमाणे पाठवलं. मी गेले, शिक्का मारला, घरी आले आणि धुणं वाळत घातलं. आमचे हे मतदानाच्या खोलीत गेले ते पाऊण तास बाहेर येईनात. शेवटी शिपाई आत डोकावून आला. म्हणाला, "बसलेत, विचार करतायत."

संध्याकाळी निकाल लागला. कंडक्टर दोनशे तेरा. माझा भाऊ दोनशे बारा.

अर्धं गाव आमच्या अंगणात. पुढं माझा भाऊ, डोळे लाल. "दाजी, अकरा वेळा घसा फोडला मी! तुमचं अर्धं शेत खुरपलं! आणि एका मतानं पाडलंत?"

हे बिचारे उठून उभे राहिले. "अरे, तुलाच दिलं मी! आईशप्पथ तुलाच दिलं!"

"खोटं!" पोस्टमन म्हणाला. "माझी मोजदाद चुकत नाही. शिल्लक होते ते फक्त तुम्ही."

"लबाड म्हातारा," मागून कुणीतरी म्हणालं. हे इकडं तिकडं बघायला लागले. प्रत्येकाच्या तोंडाकडं. आयुष्यभर सगळ्यांचं खरं मानणाऱ्या माणसाचं खरं मानायला अंगणात एकही जण नव्हता. भाऊ म्हणाला, "आजपासून ह्या घराची पायरी चढणार नाही. आक्का, तू वाईट वाटून घेऊ नको."

मी म्हटलं, "नको चढूस. पण जायच्या आधी खिसा चाचपून बघ."

"कसला खिसा?"

"माझं मत ठेवलं होतंस ना तू त्यात? ते पडलं वाटेत. कंडक्टरला सापडलं."

पोस्टमननं बोटं मोजली, थांबला, पुन्हा मोजली. माझ्या भावानं खरंच खिसा चाचपला. "आक्का... तू? सख्ख्या भावाला?"

"जाणाऱ्या मतांची तुला काळजी, असं तूच म्हणालास. मग म्हटलं, आपलंही जाऊन बघावं."

लोक एकेक करून निघाले. भाऊही गेला, मागं न बघता. वाईट वाटलं मला, नाही कशाला म्हणू? पण कोबीला पाणी हवं होतं.

मग मी आमच्या ह्यांच्याकडं वळले. "आणि तुम्ही? त्याला मत दिलंत ते त्याचं पटलं म्हणून?"

"पटलं तर दोघांचंही होतं," म्हणाले. "कंडक्टरचं जरा जास्तच. शिक्का उचललाही होता. पण मग तुझा चेहरा आठवला. म्हटलं, मेहुण्याला नाही दिलं तर उरलेलं आयुष्य ऐकावं लागेल."

मी कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हटलं, "अहो, बायकोला भिऊनच मत द्यायचं होतं, तर गावाचे अकरा दिवस कशाला खाल्लेत? पुढच्या निवडणुकीला उंबऱ्यात कप घेऊन तुम्ही उभे राहा. खुर्चीत मी बसणार!"