पटांगणावरच्या लाल टिकल्या

रविवारी सकाळी आर्किटेक्टच्या ऑफिसने विहाराच्या हॉलमध्ये पुन्हा प्रदर्शन मांडलं. सहा महिन्यांतलं हे चौथं. जोगेश्वरीतल्या आमच्या वस्तीच्या जागी इमारती होणार आहेत. त्या कशा व्हाव्यात ते लोकांना विचारून ठरवायचं, असं या ऑफिसचं म्हणणं. म्हणून भिंतींवर नकाशे, मधल्या टेबलावर पुठ्ठ्याच्या छोट्या इमारती आणि दाराशी समोसे.

मी टेबलापाशी जाऊन विहारासमोरचं पटांगण शोधलं. तिथे पांढऱ्या रेघा मारून नखाएवढ्या गाड्या उभ्या केल्या होत्या.

"हे काय?" मी शीतलला विचारलं. शीतल त्या ऑफिसातली मुलगी. आमच्याशी तीच बोलते. तिचे मिहिर साहेब बहुतेक नकाशांशी बोलतात.

"पार्किंग, काका. मागच्या वेळी नकाशावर टिकल्या चिकटवून तुम्हीच सगळ्यांनी सांगितलंत ना. पटांगणावर एक्केचाळीस लाल टिकल्या होत्या."

"मग?"

"लाल म्हणजे नको. हिरवी म्हणजे ठेवा. फळ्यावर लिहिलं होतं."

फळा मी पाहिला होता, वाचला नव्हता. गल्लीतली माणसं मलाच विचारत होती, भाऊराव, कुठली लावायची? आणि मी म्हणालो होतो, ठेवायचं त्याला लाल, विचारता काय.

पाय दुखत होते. तरी तिला म्हटलं, "जरा माझ्या घरापर्यंत चल."

दर एप्रिलला जयंतीच्या आधी मी दाराला निळा रंग देतो. मध्ये वीतभर चौकोन तेवढा सोडतो. त्यात लाल रंगात दोनशे चौदा हा आकडा आहे. पुसट झालाय, पण वाचता येतो.

"हा सर्व्हेवाल्यांनी घातला," मी म्हणालो. "तेव्हा तू शाळेतही जात नसशील. पंधरा दिवसांनी तोडायला माणसं आली. ज्याच्या दारावर लाल, त्याचं राहिलं. पलीकडची तीन घरं सर्व्हेच्या दिवशी कामावर गेलेली, दाराला कुलूप. त्यांच्या दारावर लाल पडलंच नाही. त्यांचे पत्रे रस्त्यावर."

शीतलने शेजारचं दार पाहिलं, मग त्याच्या पुढचं. रंग वेगवेगळे, पण प्रत्येकाने तसाच चौकोन सोडलेला.

"हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, काका."

"तुम्ही झाडं विचारलीत, बाक विचारलेत. हे विचारलंत कुठं?"

हॉलमध्ये परत आलो तेव्हा तिने साहेबांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. चष्मा काढून डोळे चोळले त्यांनी.

"काका, आराखडा जवळजवळ फायनल झालाय. पार्किंग हलवलं की सगळंच हलतं. आणि पटांगण रिकामंच असतं हो. आम्ही तीनदा येऊन फोटो काढलेत."

रिकामं असतं हे खरं होतं. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं. पुठ्ठ्याच्या बाकाशेजारी उभं असलेलं कागदाचं एक माणूस मी उचललं, पटांगणातल्या गाड्या बाजूला सारल्या आणि त्याला तिथे आडवं ठेवलं. मग बाकीची माणसं गोळा केली. कुत्रा फिरवणारी बाई, फुगेवाली मुलगी, सगळी त्याच्याभोवती उभी केली.

"आमची खोली दहा बाय बारा," मी म्हणालो. "माझी बायको गेली, शकु, तेव्हा तिला इथे ठेवली होती. तिच्यासाठी बुद्धवंदना इथेच म्हटली. गल्लीतलं प्रत्येक माणूस इथूनच गेलंय. तुमच्या लिफ्टमधून कसं उतरवायचं ते तुम्ही बघाल. उतरवल्यावर ठेवायचं कुठं? दोन गाड्यांच्या मध्ये?"

साहेब टेबलावर वाकले. मग विचारलं, "किती माणसं असतात?"

"तिच्या वेळी रस्त्यापर्यंत होती. माझ्या वेळी कमी असतील. तेवढी जागा कापा हवी तर."

शीतल एकेक गाडी उचलून समोशांच्या रिकाम्या खोक्यात टाकू लागली. साहेबांनी तिला अडवलं नाही.

"पाच वाजता टिकल्या पुन्हा लावून घेऊ," ते म्हणाले. "पण माणसं यायला हवीत, काका. तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर मला बदल मागता येणार नाही."

"रंग कुठला?"

"तुम्ही सांगा," शीतल म्हणाली.

"लाल."

तिने फळ्यावरचं 'लाल म्हणजे नको' पुसायला घेतलं. मी गल्लीत शिरलो. पहिलं दार लवूचं. तो मालवणकडचा, माझ्याच वयाचा, दारात खाट टाकून पडलेला.

"लवू, पाचला विहारात ये. टिकली लावायची आहे."

"परत? मागच्या टायमाक लावलंय मा. लाल. तूच सांगलंस."

"चुकलं माझं."

"मगे आता खयची?"

"लालच."

लवूने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "डोक्यां फिरलां काय तुझां?"

"पटांगण जाईल रे."

त्याने मान परत खाली टेकवली. "समोसे आसत?"

"सकाळचे आहेत."

"येतंय," म्हणाला आणि कूस बदलली.

अजून एकोणचाळीस दारं होती. भिंतीला हात टेकत मी पुढच्या दाराकडे वळलो.