नरडाण्याच्या फलाटावरचे दोन चाकू

मला जुने चाकू जमवायचा नाद आहे. आमच्या सौ. प्रमिलाबाई त्याला खूळ म्हणतात. म्हणू देत.

सत्त्याऐंशी साली पेपरात जाहिरात आली: जुने चाकू बदलून मिळतील, जवरीलाल, जळगाव. मी शिरपूरहून पत्र टाकलं. त्यांनी चाकूभोवती पेन्सिल फिरवून काढलेलं चित्र पाठवलं. बघितलं आणि ओळखलंच. टोक मोडलेलं, मुठीला तीन पितळी खिळे, मधला वाकडा. अहो, माझ्या बापाचा चाकू! बैलाच्या खुरातला काटा काढताना ते टोक मोडलं, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. बाप गेल्यावर आमच्या गिरधरनं, माझ्या शहाण्या भावानं, तो भंगारात घातला होता.

काहीही करून तो मला हवा होता. पण खरं लिहिलं तर समोरचा अडून बसणार. म्हणून लिहिलं, 'टोक मोडकं, मूठ भिकार, तरी बघू.' बदल्यात माझा सगळ्यात चांगला, नक्षीच्या मुठीचा चाकू देऊ केला.

माणूस अनोळखी, त्यात व्यवहार चाकूंचा. त्यांनी माझ्याकडं नगराध्यक्षांचा चारित्र्याचा दाखला मागितला. मी त्यांच्या रेशनकार्डाची झेरॉक्स मागवली. त्यांनी लिहिलं, 'जेवून या, भुकेला माणूस तापट असतो.' ठिकाण ठरलं नरडाणा स्टेशन, भर दुपारी. ना त्यांचं गाव, ना माझं.

जवरीलाल निघाले काडीसारखे, पांढरे कपडे, हात जोडलेले. जैन माणूस, घरात कांदा चिरला जात नाही आणि चाकू बावीस! पण आता चाकू द्यायचा कसा? हातातून हातात दिला की भांडण लागतं, हे त्यांनाही ठाऊक, मलाही. दोघांनी आपापला चाकू उघडून फरशीवर ठेवला.

"उचला," मी म्हणालो.

"आधी तुम्ही."

पहिला उचलणारा दोन्ही घेऊन पळाला तर? दोघंही उकिडवे बसून राहिलो. तेवढ्यात पोलीस आला.

"काय रे, मारामारी?"

"नाही साहेब," जवरीलाल म्हणाले, "आग्रह चाललाय."

"कुणाचा कुठला? खरं बोला!"

जवरीलाल सरळ माणूस. त्यांनी मोडक्या टोकाकडं बोट केलं. "हा माझा." पोलीस तो उचलून त्यांना द्यायला लागला आणि माझा तोल गेला.

"हाऊ चाकू मना बापना शे!" मी ओरडलो. मग बैल, काटा, गिरधर, बठ्ठं, सगळं सगळं सांगितलं. सांगता सांगता रडायला आलं. लाज वाटली, पण थांबेना.

पोलीस वैतागला. त्यानं बापाचा चाकू माझ्या हातात कोंबला, नक्षीचा जवरीलालांच्या हातात. "घ्या आणि व्हा चालते!"

आम्ही दोघंही दचकलो. हातातून हातात!

जवरीलालांनी हातातला चाकू मिटला. मग म्हणाले, "अभिमनभाऊ, भिकार मूठ म्हणून लिहिलं होतंत."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्यांनी नक्षीचा चाकू माझ्या पुढ्यात ठेवला. "वडिलांची वस्तू आहे. तिच्या बदल्यात मी काही घेणार नाही."

"अहो, व्यवहार ठरलाय!"

"मोडला."

"उचला म्हणतो ना!"

"तुम्हीच उचला!"

आवाज चढले. फलाटावर माणसं जमली. जळगावची पॅसेंजर आली, तणतणत ते चढले. मीही रागारागानं एसटी पकडली. नक्षीचा चाकू तिथंच राहिला. पोलिसानं तो स्टेशनात जमा केला.

याला चार वर्षं झाली. चाकू कुणाचा, म्हणून स्टेशनातून दोघांना पत्र येतं. मी कळवतो, जवरीलालजींचा. ते कळवतात, अभिमनभाऊंचा. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचा डबा येतो, आत चिठ्ठी: 'हट्ट सोडा, घेऊन जा.' मी डबा शेंगदाणे भरून परत पाठवतो, वर चिठ्ठी: 'जमणार नाही.' आणि बापाच्या चाकूनं आंबा कापताना दर वर्षी एक फोड त्यांच्या नावानं बाजूला ठेवतो.

हातातून हातात चाकू दिला की भांडण लागतं, हे अगदी खरं आहे. आमचं अजून मिटलेलं नाही. मिटूही नये.