पंप, एक नग

मी एक जुना दुधाचा पंप आहे. मित्रांनो, पंप म्हटले की तुम्हांला विहीर आठवेल. पण मी पाणी उपसत नाही. मी नळीतली हवा ओढून घेतो, मग हवेच्या मागे नळीतले दूध आपोआप येते. आधीच सांगून ठेवतो, मला फार लवकर किळस येते. त्यामुळे या गोष्टीत नाक मुरडणे जरा जास्तच येईल.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. तिथून मी टोकियोपासून दोन तासांवरच्या डोंगरातल्या एका गोठ्यात आलो. अकरा गाई, त्यांचे शेण आणि आंबलेल्या दुधाची ती दुर्गंधी! पहिला आठवडाभर मला नुसते मळमळत होते. पण गोठ्याचे मालक रोज संध्याकाळी गरम फडक्याने माझे अंग पुसत आणि ठरल्या दिवशी तेल बदलत, म्हणून वीस वर्षे निभावली. मालक गेले, गाई विकल्या गेल्या आणि मी कोपऱ्यात पडलो. माझ्या धुराड्यात एक उंदरीण बाळंत झाली. त्या बाळंतपणाचे वर्णन मी करणार नाही.

मालकांच्या मागे राहिल्या त्यांच्या पत्नी हारुएसान आणि घरामागच्या उतारावरची चाळीस मेपलची झाडे. या झाडांना हिवाळ्याच्या शेवटी गोड रस येतो आणि तो आटवून पाक करतात. पण उतार गावाच्या मालकीचा होता आणि गावच्या पंचांना ती झाडे तोडून तिथे देवदार लावायचे होते. हारुएसाननी एका वर्षाची मुदत मागितली. मार्चअखेर सहाशे लिटर रस निघाला तर झाडे राहतील, नाहीतर करवत चालेल, असे ठरले. त्यांनी झाडाझाडाला तोटी ठोकून, बारीक नळ्या जोडून, सगळा रस खालच्या पिंपात आणला. पण रस थेंबथेंबच येई. हवा ओढणारा पंप लावायला हवा होता.

हारुएसानचा मुलगा टोकियोतल्या एका बँकेत होता. त्याच्याच ऑफिसात सॉफ्टवेअरच्या कामावर पुण्याहून आलेला सत्यजित होता. "पंप मी निवडतो," असे त्याने आपणहून कबूल केले. पोरगा मनाने चांगला, पण उंटावरून शेळ्या हाकणारा. उतार पाहिला नाही, नळीला हात लावला नाही. टोकियोतल्या ओजिमा भागात सातव्या मजल्यावरच्या घरात बसून त्याने लॅपटॉपवर चौदा रकान्यांचा तक्ता केला. कोण किती जोराने ओढतो, कोणाचे वजन किती, आवाज किती. प्रत्येकाला गुण दिले. पहिला आला एक निळा, चकचकीत पंप. एसी दुरुस्त करणारे लोक नळ्या रिकाम्या करायला वापरतात, त्या जातीचा. शेवटच्या ओळीत मी होतो आणि माझ्या नावापुढे हारुएसानच्या मुलाकडून ऐकलेला शेरा होता, 'वास येतो'. मित्रांनो, वास उंदरांचा होता.

निकाल कळताच हारुएसाननी जुने अवजड सामान नेणाऱ्या कचरागाडीसाठी नगरपालिकेत नोंद केली. मार्चचा शेवटचा बुधवार मिळाला. 'पंप, एक नग' असे लिहिलेले कार्ड त्यांनी दोरीने माझ्या गळ्यात बांधले.

फेब्रुवारीत सत्यजित बायकोला, कौमुदीला, घेऊन आला आणि त्याने निळ्याला जोडले. पहिल्या तासात ओढ दाखवणारा काटा चढला, मग उतरला तो उतरलाच. निळा जोर लावून ओढे, पण त्याला एका वेळी फार थोडी हवा पेलत असे. त्यातच पिंप आणि पंप यांच्यामध्ये पाणी अडवणारे भांडे लावायचे कोणालाच सुचले नव्हते. रसाचे पाणी थेट त्याच्या पोटात गेले. तेलाचा पांढरा, फेसाळ, नासलेल्या ताकासारखा चिखल झाला आणि तो त्याच्या तोंडातून गळू लागला. शी! मी तोंड फिरवले आणि मनातून हसलो. दुसऱ्या आठवड्यात तो बंद पडला आणि दोघे पुन्हा आले.

पिंपात जेमतेम साठ लिटर होते. हारुएसान रागावल्या नाहीत. एवढ्या लांब आल्याबद्दल त्यांनी सत्यजितला वाकून धन्यवाद दिले. त्याला मान वर करवेना.

तेव्हा कौमुदीचे लक्ष माझ्याकडे गेले. संगमनेरला तिच्या मामांच्या गोठ्यात माझ्यासारखाच पंप होता. तिने बाही वर सारली, जेवायच्या चॉपस्टिकनी उंदराचे घरटे काढले, जुने तेल ओतून टाकून नवे भरले आणि माझ्यापुढे दुधाची काचेची बरणी पाणी अडवायला लावली. मी घरघरलो. आता दाखवतोच, असे मला झाले.

आणि काटा पुन्हा तिथेच अडला. नाचता येईना अंगण वाकडे, तसा मी झाडांना, थंडीला नावे ठेवू लागलो. सत्यजितने पंधरावा रकाना भरायला लॅपटॉप उघडला.

"तो बंद कर आणि वर चल," कौमुदी म्हणाली. "नळीला कान लाव."

बर्फातून दोघे झाडाझाडाशी गेले. नळीतून बारीक फुसफुस ऐकू येत होती. खारींनी एकोणीस ठिकाणी नळी कुरतडली होती. फुटक्या रांजणात पाणी भरणे म्हणतात ते हेच. मी ओढत होतो ती डोंगरावरची मोकळी हवा होती. निळ्याला मी हसलो होतो, याची मला माझीच किळस आली. दोघांनी दोन रविवार खपून एकेक भोक कापून नळी जोडली. मग मात्र काटा चढला आणि रस धारेने आला.

मार्चच्या शेवटच्या सोमवारी सहाशे चार लिटर भरले. पंचांच्या प्रमुखांनी छोट्या कपातून रस चाखला आणि झाडे राखल्याचे हारुएसानना सांगितले. त्या दारातच रडल्या.

बुधवार उरला होता. एकदा केलेली नोंद रद्द करून नगरपालिकेच्या माणसांना त्रास देणे हारुएसानच्या जिवावर आले. कार्डावर कोणता पंप ते लिहिलेले नव्हते. त्यांनी कात्रीने ते कापून घेतले आणि निळ्याच्या मुठीला चिकटवले. सकाळी आठला गाडी आली आणि त्याला घेऊन गेली.

शनिवारी कौमुदीने विचारले, "निळा कुठंय?"

"गेला कचऱ्यात. खराब झाला होता ना," सत्यजित म्हणाला.

"तेल बदलून पाहिलंस?"

चौदा रकान्यांत तेलाचा रकाना नव्हता.

मित्रांनो, निळ्याचे वय अवघे दीड महिना होते. आपलीच घाण त्याच्या पोटात घालून आपणच त्याला घाणेरडा म्हटले, आणि त्यात मीही होतो. तुमच्या घरातले एखादे यंत्र गळू लागले तर नाक दाबण्याआधी त्याचे पोट एकदा साफ करून बघा.

माझे तेल आता कौमुदी बदलते. कार्ड गेले, पण दोरी सोडायची राहून गेली. ती अजून माझ्या गळ्यात आहे.