मामांनी झाकून ठेवलेली गाडी

या, असे जवळ बसा. एका माणसाचा अंदाज अगदी खरा ठरला आणि त्यामुळेच तो पेचात सापडला, त्याची गोष्ट सांगतो.

मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर एक गृहस्थ असायचे. सगळे त्यांना मामाच म्हणत. आज रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांपैकी कोणती गाडी पुढे शौकीन लोक शोधत फिरतील, हे सांगायची त्यांना भारी हौस. म्हणायचे, जी सगळ्यांकडे असते ती कुणीच जपत नाही. तिचे भाग येईनासे झाले की ती भंगारात जाते, आणि मग एकदम तिची किंमत कळते.

"आणि या टचस्क्रीनच्या पडद्यावाल्या गाड्या?" गिऱ्हाईक विचारी.

"पडदा विझला की गाडी आंधळी. तिला कोण सांभाळत बसणार? हाताने गिअर टाकायची छोटी गाडी बघा, लोक रांग लावतील."

नुसतं बोलून थांबले नाहीत. तसली एक पिवळी गाडी घेऊन त्यांनी शेडमध्ये झाकून ठेवली. रविवारी इंजिन सुरू करायचे, थोडा वेळ ऐकायचे आणि बंद करायचे. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. मामी शेजारणींना सांगत, "आमच्याकडे गाडी आहे हो, पण तिची प्रकृती आमच्याहून नाजूक."

मामांची भाची नर्स. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन त्यांच्या जखमा धुवायची. तिची गाडीही याच बनावटीची, फक्त वापरून वापरून रंग उडालेली. एक दिवस तिचा गिअरबॉक्स गेला. भाची काउंटरवर आली.

"मामा, मिळेल ना?"

"कंपनीने बनवणं बंद केलं. मी म्हटलंच होतं."

"म्हटलं होतंत खरं. पण गाडी नसेल तर सोमवारपासून माझं काम दुसरीला देणार आहेत."

जेवताना मामांनी तोड काढली. "आपल्या गाडीचा गिअरबॉक्स काढून तिला देतो. बाहेरून कुणाला कळायचं नाही."

"शौकिनाला कळेल की," मामी म्हणाल्या. "मूळचा भाग गेला की किंमत गेली, असं तुम्हीच सांगता ना? शिवाय तिची गाडी खिळखिळी. उद्या दुसरं काही निघेल. मग काय, रोज आपल्या गाडीचे लचके तोडणार?"

"म्हणजे किल्लीच देऊ म्हणतेस?"

"मी काही म्हणत नाही. भाजी वाढू?"

जेवण झाल्यावर मामा शेडमध्ये गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मामी बघायला गेल्या, तर ते सीटवरचं प्लास्टिक फाडत होते.

"चिकटून बसलंय मेलं," एवढंच बोलले.

सकाळी भाचीने किल्ली घेतली, पण गाडीत बसेना. "मामा, वर्षभरात हिची रया जाईल हो."

"जाऊ दे. तुझ्या जुन्या गाडीचे भाग काढून ठेवतो, हिला होतील. गिअर मात्र हळू टाक."

आता त्या गाडीला पोचे आलेत, पुढचा दिवाही बदललाय. भाचीचं काम चालू आहे. दुकानात कुणी मामांना डिवचतंच, "काय मामा, खजिना उन्हात?"

"अंदाज चुकला का माझा? दाखवा बघू रस्त्यावर अशी दुसरी," मामा म्हणतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

दिवसभर उभं राहून त्यांचे पाय हल्ली फार सुजतात. देवापुढे हात जोडाल, तेव्हा तेवढी त्यांची आठवण ठेवा.