आधी सांगा, तुम्ही कोणाचे

मित्रांनो, मी एका डोहाचं जुनं पान आहे. इंटरनेटवरच्या ज्या ज्ञानकोशात कोणीही उठून लिहू शकतं आणि कोणीही पुसू शकतं, तिथे मी राहतो. माझा डोह धानोऱ्याच्या पुढे जंगलात आहे. त्याला कासवडोह म्हणतात. एका वाटसरूनं मला चार ओळींत लिहिलं होतं. शेवटची ओळ होती, 'मध्यभागी भोवरा असल्याने पोहणे धोक्याचे आहे.' मला कोणी फारसं वाचत नव्हतं, पण कोणी छळतही नव्हतं. सुखात चाललं होतं माझं.

मग पियुष आला. डोहाकाठी त्याच्या वडिलांचे तंबू आहेत, पर्यटकांना राहायला. हे सांगायची तसदी त्यानं घेतली नाही. त्यानं भोवरा पुसून टाकला आणि लिहिलं, 'पोहण्यासाठी सुरक्षित, निसर्गरम्य ठिकाण. एकदा अवश्य भेट द्या.' अरे, हा ज्ञानकोश आहे की लग्नाची पत्रिका? कोणी ती ओळ काढली की दुसऱ्या नावानं पियुष हजर, मग तिसऱ्या. नावं निराळी, पण 'अवश्य भेट द्या' सगळ्यांचं सारखंच. पुरावा मागितला तर त्यानं पेपरातलं कात्रण दिलं. बघतो तर काय, पेपरवाल्यानं माझ्याच ओळी उतरवून घेतलेल्या! माझंच उष्टं मला पुन्हा वाढलं होतं. डोकं आपटून घ्यायला भिंत नव्हती, म्हणून गप्प बसलो.

त्या हिवाळ्यात नागपूरचा एक पाहुणा मला मोबाइलवर वाचून डोहात उतरला आणि भोवऱ्यात सापडला. जवळच्या गावातल्या सुनिलनं त्याच्यामागे उडी घेतली. पाहुणा बाहेर आला. सुनिल आला नाही.

पुढे एक दिवस सुनिलची बहीण दीपिका माझ्यापाशी आली. 'तंबूवाल्यानं माह्या भावाले मारलं,' एवढं एकच वाक्य तिनं सगळ्यात वर लिहिलं. ते रोशनीनं काढून टाकलं.

ही रोशनी कोरपन्याची. तिनं डोह कधी पाहिलेला नाही, आणि तंबूवाला तिचा कोणी लागत नाही. फुरसत मिळाली की पानं नीटनेटकी करत बसते. पियुषची जाहिरातही बरेचदा तिनंच काढली होती. प्रत्येक पानामागे चर्चेची एक जागा असते, भांडायचं ते तिथे. दीपिका तिथे तिच्यावर तुटून पडली.

"माहा भाऊ गेला, अन् तुले पुरावा पायजे? तू कोन व्हय काढनारी?"

"मी तुमची कोनीच नाई, अन् तंबूवाल्याचीबी नाई. म्हणून तं काढून राह्यली," रोशनीनं लिहिलं. "तुम्ही कोनाच्या, ते इथी सांगा. पेपरात बातमी आली असन तं द्या. मी लिहीन."

"काऊन सांगू तुले?"

खरं सांगतो, त्या दिवशी मला दोघींचाही राग आला. एकीला रडायचं होतं, दुसरी नियम शिकवत होती, आणि तेवढ्यात पियुषनं 'सुरक्षित' पुन्हा लिहून ठेवलं! उन्हाळ्याच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. पुढचा पाहुणा मला उघडेल तेव्हा काय वाचेल, हा एकच घोर माझ्या जिवाला लागला होता.

बरेच दिवस दीपिका फिरकली नाही. मग एका दुपारी तिनं चर्चेत लिहिलं, "आमच्या बाबाचं नाव झाडू. दारात कोनी परका आला का पयले इचारते, 'कोनाचा बापा तू?' मंगच पानी देते. आज तो एकाले इचारत होता, अन् मले तुही आठवन आली. मी सुनिलची बहीण. तंबूवाल्यावर माहा राग हाय, तो जानार नाई. म्हणून मी नाई लिहीत. तू लिह्य." सोबत तिनं पेपराचं नाव आणि बातमीची तारीख दिली होती.

पियुषच्या झाडून साऱ्या नावांनाही रोशनीनं तेच विचारलं, तुम्ही कोणाचे? एकाचंही तोंड उघडलं नाही. शेवटी ज्ञानकोशाच्या जाणत्यांनी ती सगळी नावं बंद केली. मग रोशनीनं लिहिलं, 'डोहाच्या मध्यभागी भोवरा आहे. येथे एका पर्यटकाला वाचवताना एका स्थानिक तरुणाचा बुडून मृत्यू झाला.'

दीपिकानं ते वाचलं. तिनं मला दुरुस्तीसाठी उघडलं आणि 'तरुणाचा' या शब्दाआधी टंकलं, 'सुनिल'. मला वाटलं, राहू दे गं बाई, मी काही बोलणार नाही. पण तिनं स्वतःच ते पुसलं आणि मला जसंच्या तसं बंद केलं. 'तू लिह्य' असं ती सांगून बसली होती.

उन्हाळ्यात, बिडीसाठी तेंदूपत्ता तोडायच्या दिवसांत, डोहाकाठी एक मुलगा मला मोबाइलवर उघडून बसला होता. पानांचा भारा घेऊन एक बाई तिथून चालली होती. दीपिकाचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, पण तिच्या प्रश्नावरून तिला ओळखलं, "भाऊ, भोवऱ्याचं वाचलं का?"

"वाचलं ताई. पोहत नाही आम्ही."

"मंग नुसते पाय बुडवा, इथी काठाले," ती म्हणाली आणि निघून गेली. तुम्ही कोणाच्या, असं त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

तर मित्रांनो, माझ्यावर लिहायला खुशाल या. आपल्या माणसासाठी, आपल्या धंद्यासाठी जीव तुटतो, हे मला कळतं. पण दारातच सांगा तुम्ही कोणाचे, आणि तेवढी ओळ दुसऱ्याला लिहू द्या. माझ्या भरवशावर कोणीतरी पाण्यात उतरत असतं.