ओळखीतला स्वतंत्र तपासनीस

संचालकांनी पुढे सरकवलेला कागद वाचला आणि मेट्रनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आरोग्य खात्याचा हुकूम साधा होता. ऑपरेशनची हत्यारं नीट निर्जंतुक होतात की नाही, हे बाहेरच्या स्वतंत्र तपासनिसाकडून वर्षभर तपासून घ्या, नाहीतर थिएटरला कुलूप. तपासनिसाचा हॉस्पिटलशी काही संबंध नाही, असं आधी मेट्रनने लिहून द्यायचं आणि संचालकांनी खाली सही करायची. आणि या शहाण्यांनी माणूस कोण शोधला? ज्याने थिएटरची नोंदवही आखून दिली, ती कशी भरायची हे नर्स पोरींना शिकवलं, तोच! म्हणजे पेपर यानेच काढला, यानेच सोडवून घेतला आणि आता मार्कही हाच देणार.

संचालकांचं म्हणणं, तो नात्यातला नाही, पगारावर नाही, मग संबंध कसला? अहो, कसला म्हणून काय विचारता! मेट्रनबाईंना वाटलं, टेबलावरचा पेपरवेट उचलावा आणि भिरकावून द्यावा.

खरा राग मात्र स्वतःचा होता. हत्यारांच्या प्रत्येक खेपेबरोबर वाफेच्या यंत्रात कागदाची एक पट्टी टाकायची. वाफ नीट लागली की ती काळी पडते, मग ती वहीत चिकटवायची. गर्दीच्या दिवसांत पोरींनी तीस पट्ट्या एकदमच काळ्या करून ठेवल्या आणि रोज एकेक डकवली. बाईंना ते कळलं होतं. कामाचा रेटा आहे म्हणत त्यांनी डोळेझाक केली आणि पानापानावर सह्या ठोकल्या. त्याच महिन्यात एक शाळामास्तरीण गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी स्वतःच्या पायांनी चालत आली. जखम चिघळली. घरी गेली ती एक पाय इथेच ठेवून.

बाई सही करेनात, तेव्हा संचालकांनी आवाज खाली आणला.

"बाहेरचा कोणी आला तर पहिली तुमची मान अडकेल. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. कशाला पायावर धोंडा पाडून घेता?"

पाय हा शब्द या माणसाच्या तोंडी यावा! बाईंनी पेन उघडलं. संचालकांचा जीव भांड्यात पडला.

कागदावर एक रकाना होता, 'संबंध असल्यास तपशील'. तो कोणी कधी भरत नसे. बाईंनी त्यात लिहिलं की आमची नोंदवही याच गृहस्थांनी आखली, तीस दिवसांच्या पट्ट्या आम्ही एकाच खेपेत काळ्या केल्या, आणि त्याखालच्या खोट्या सह्या माझ्या आहेत. जागा अपुरी पडली, तसं समासात लिहिलं. एक अक्षरही खोडलं नाही. खाली सही, नाव, हुद्दा आणि तारीख घातली.

मग कागद फिरवून संचालकांसमोर ठेवला.

"माझी झाली. आता तुमची करा."