माझी एकही रेघ नसलेली वीस पानं

मित्रांनो, मी एक जुना ड्राफ्टर आहे. काटकोनात जोडलेल्या दोन पारदर्शक पट्ट्या, त्यांना पोलादी दांड्यांचे हात आणि ड्रॉइंग बोर्डाची कड पकडायला एक चाप, एवढाच माझा संसार. बोर्डावर आवळून बसवलं की मी कुठेही सरकलो तरी रेघ आधीच्या रेघेला समांतरच येते. बढाई वाटेल, पण माझी रेघ आयुष्यात कधी वाकडी गेली नाही.

माझे पहिले मालक बाबा. पंपांच्या कारखान्यात ते ड्रॉइंग काढायचे. अठरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली राबलो. साहेब शीट उजेडात धरून म्हणायचे, "याला म्हणतात काम!" मग कॉम्प्युटर आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. सांधे गंजले, एक स्क्रू हरवला, कुणी साधी विचारपूसही केली नाही.

बाबांची लेक इंजिनिअरिंगला गेली तेव्हा माझे दिवस पालटले. बाबांनी मला खाली काढलं, तेलपाणी केलं, नवा स्क्रू बसवला. तिचं पहिलंच शीट कॉलेजच्या फलकावर लागलं. पुढे पदवी मिळाली, बाबांच्याच कारखान्यात नोकरीही ठरली. आणि एका सकाळी चहा पिता पिता ती म्हणाली, "बाबा, मला मोटारींचं डिझाइन शिकायचंय."

"इंजिनिअर झालीस ना? आता परत चित्रं काढत बसणार?"

"एकदाच प्रयत्न करू द्या. प्रवेशासाठी महिन्याभरात वीस पानांचा पोर्टफोलिओ द्यायचाय. नाही जमलं तर मुकाट्याने कारखान्यात जाईन."

बाबा "बरं" म्हणाले, पण अगदी नाइलाजाने.

आम्ही दोघं कामाला लागलो. दहा दिवसांत बारा पानं झाली. गाडी समोरून, बाजूने, वरून. चाकांच्या बोल्टांची मापंसुद्धा मिलिमीटरमध्ये! शीटवर कच्ची रेघ राहिली की कॉलेजात गुण कापायचे. त्या सवयीने ती मनात येईल ते खरडायची आणि मग रबराने साफ पुसून टाकायची. माझी छाती फुगली होती.

तिच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई ती पानं बघायला घरी आल्या. सगळी शांतपणे उलटून म्हणाल्या, "काम सुरेख आहे. पण ही गाडी कुणासाठी गं?"

"कुणीही चालवेल, बाई."

"कुणीही म्हणजे कुणीच नाही. आणि चुकलेलं कुठंय?"

"ते खोडलं ना."

"अगं, तेच तर बघायचं असतं त्यांना! तू विचार कसा केलास ते कळणार कसं? रोज ज्याला बघतेस अशा एका माणसासाठी गाडी काढ. हाताने." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि याला जरा सुट्टी दे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं चाकरी करून हेच ऐकायचं होतं?

बाई गेल्यावर तिने ती बारा पानं बाजूला ठेवून कोरा कागद घेतला, पण माझ्याविना रेघ सरळ येईना. चाक अंड्यासारखं यायचं. आई डोकावून म्हणाली, "ही गाडी आहे की इस्त्री?" की लगेच पोरगी परत माझ्याकडे. तीन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी ती माझा चाप आवळत असताना बाबा आले. त्यांनी मला सरळ बोर्डावरून सोडवलं. तिला वाटलं, संपलं सगळं. तिचे डोळे भरून आले. मला तर माळाच दिसायला लागला.

बाबांनी मला दारामागच्या खुंटीवर टांगलं आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "माझंही असंच व्हायचं. हा हाताशी असला की हात धजावत नाही. काढ तू. येऊ दे वाकडं."

खुंटीवरून मी बघत राहिलो. वाकड्यातिकड्या रेघांचे ढीग पडले. एकही खोडली नाही. कुणासाठी गाडी काढतेय ते ती सांगेना. शेवटच्या आठवड्यात बाबांनी पानं चाळली. त्यांत शेजाऱ्यांच्या गाडीतून उतरणारा एक माणूस होता. आधी एक पाय बाहेर, मग थोडं थांबणं, मग दार धरून कसंबसं उठणं.

"हा मी?"

"हो."

"मी असा उतरतो?"

ती घाबरली. आपले गुडघे दुखतात हे बाबांनी घरात कधी कबूल केलं नव्हतं. बाबांनी ते पान पुन्हा जवळ ओढलं. मग त्यांनी चष्मा नीट केला. "तर मग दार अजून चार बोटं रुंद कर. आणि सीट बाहेरच्या बाजूला फिरू दे."

ती हसलीही आणि रडलीही. वीस पानं वेळेत गेली. मुलाखतीत परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्या खरडलेल्या पानांवर घालवला म्हणे. तिची निवड झाली. परवा ती निघाली तेव्हा बाबांनीच मला पुसून तिच्या बॅगेत ठेवलं.

मित्रांनो, जुन्या हत्यारांना तेल द्या, त्यांना माळ्यावर गंजत टाकू नका, ही विनवणी तर मी करणारच. पण आम्हाला खुंटीवर कधी टांगायचं, हेही शिकून घ्या. त्या वीस पानांत माझी एकही रेघ नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण शेवटच्या पानावर बाबा कशालाही न धरता गाडीतून उतरून उभे आहेत. तसं उभं करणं मला सात जन्मांत जमलं नसतं.